जयंतीला काढलेलं बाळ

आमच्या लोकांत जयंती म्हणजे एकच. बाकीच्या जयंत्यांना आधी नाव लावावं लागतं, हिला लागत नाही. एप्रिल उजाडला की वस्तीत निळ्या पताका लागतात, पोरं डीजेवाल्याच्या मागं हिंडतात, बाया पांढऱ्या साड्या पेटीतून काढून उन्हात टाकतात. माझा मोठा मुलगा त्या दिवशी जन्मला. चार वर्षं मी हे छाती काढून सांगत होते. कोणी विचारलं नाही तरी सांगायची. ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या बाईलासुद्धा सोडायची नाही. "ताई, हात जरा वर करा, आणि आमचा मोठा जयंतीचा बरं का!" आता कोणी विचारलंच तर "एप्रिलमधला आहे" एवढं म्हणते आणि टेप गळ्यात टाकून कामाला लागते.

मी जाफराबादला शिलाईकाम करते. पुढच्या खोलीत मशीन, मागं घर. नवऱ्याचं स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. माहेर वडीगोद्रीचं, हायवेला लागून. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, आता रिटायर झालेत. त्यांच्यासारखा माणूस आख्ख्या अंबड तालुक्यात नाही, असं मी कळायला लागल्यापासून मानत आले होते. मुहूर्त, शनिवार, मांजर आडवं गेलं, असलं काही आमच्या घरात काढायची सोय नव्हती. शेजारचे शेतकरी काका घराचा पाया भरायला पंचांग घेऊन बसले की पप्पा ओट्यावरून ओरडायचे, "अहो, सिमिटाला कळतं का आज कोणती तिथी हाय ते?" काकाही हसायचे, पण तिथी बघूनच पाया भरायचे.

माझं लग्न पप्पांनी मुद्दाम अमावस्येला लावलं. मंडपवाला मोकळा, आचारी मोकळा, बँडवाला मोकळा. जेवणावळीच्या आधी पप्पा माइक घेऊन म्हणाले, "माझी लेक अमावस्येला नांदायला चाललीय. काय वाकडं होतं ते बघून घेऊ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरीनं रडायचं असतं, आणि मी खुर्चीत बसून खदाखदा हसत होते. एवढा अभिमान होता मला त्या माणसाचा. लहानपणी मी काही न विचारता मान हलवली तर त्यांना राग यायचा. "इचार की! माझ्या तोंडावर इचार, काहून म्हणून." असं शिकवलेली मी पोरगी.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आमच्याकडंही आहे. सातव्या महिन्यात मी वडीगोद्रीला आले. तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात नाव घातलं होतं. तिथले डॉक्टर पप्पांचे जुने विद्यार्थी, त्यामुळं गेलं की नंबर लावावा लागायचा नाही. दर वेळी ते म्हणायचे, "ताई, सगळं बराबर आहे, नॉर्मल होणार तुमचं." तारीख एप्रिलच्या शेवटाची दिली होती. आई डिंकाच्या लाडवांची तयारी करत होती, आणि पप्पा जयंतीच्या मंडळाच्या मीटिंगांत होते. ते अध्यक्ष होते त्या वर्षी.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी पप्पा म्हणाले, चल, दाखवून येऊ. मी म्हणलं, दाखवायची तारीख तर पुढच्या हप्त्यात आहे. ते म्हणाले, उद्यापासून मला सवड न्हाई, आजच जाऊ. आईलाही घेतलं आणि गेलो. डॉक्टरांनी पोटाला पट्टा लावला, ठोके ऐकले, बाहेर जाऊन पप्पांशी बोलले, आणि परत येऊन म्हणाले, "बाळाचे ठोके कमी-जास्त होऊन राह्यले ताई. रिस्क नको. उद्या सकाळी सीझर करून घेऊ." मी आईचा पदर घट्ट धरला. पप्पांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "भेऊ नको बाळा. उद्या दिवस चांगला हाय."

मला ते ऐकून धीर आला. धीर! दिवस चांगला आणि वाईट असतो, हे त्यांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, तरी डोक्यात काही पेटलं नाही. पोटात लेकरू आणि मनात भीती असली की बाईला सांगणाऱ्याचं तोंड दिसतं, शब्द दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा झाला. म्हणजे काढला. भूल अर्धी उतरलेली, तोंड कोरडं पडलेलं, पाणी देत नव्हते, आणि बाहेरून डीजे असा वाजत होता की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. आमच्या मंडळाची पोरंही तालुक्याच्या मिरवणुकीत आल्ती, आणि ती मिरवणूक दवाखान्यापाशी थांबवली होती. पप्पांनी बाळाला निळ्या दुपट्यात गुंडाळून पायऱ्यांवर नेलं आणि पोरांनी जल्लोष केला. आईनं आत येऊन मला सांगितलं, "अगं, सगळे पाया पडून राह्यले त्याच्या!" मी पडल्या पडल्या हसले, तर टाक्यांत कळ आली. पुढच्या वर्षीच्या बॅनरवर माझ्या लेकराचा फोटो होता, निळा फेटा घातलेला. आल्यागेल्याला पप्पा एकच सांगायचे, माझ्या लेकीनं दिवस साधला. मलाही खरंच वाटायचं की मी काहीतरी साधलं.

आता पुढचं. मुलगा चार वर्षांचा झाला आणि मला परत दिवस गेले. हौसेनं. आम्हाला दुसरं पाहिजेच होतं, आणि माझ्या मनात तर तिसरंही होतं. मी नवऱ्याला चिडवायची, घर भरल्याशिवाय थांबणार नाही म्हणून. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली तेव्हा सांगितलं की वार जरा खाली आहे, पुढं वर सरकेल, जड उचलू नका. वार म्हणजे बाळाला पोसणारा तो मांसाचा गोळा, जो बाळंतपणात बाळाच्या मागून पडतो. आमच्या बाया बाळंतिणीच्या दारात पहिला प्रश्न तोच विचारतात, वार पडली का? पडली म्हणलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. त्यापलीकडं वारेबद्दल मला काही माहीत नव्हतं.

सातव्या महिन्यात, मार्च लागलेला, मी मशीनवर बसून एका नवरीच्या ब्लाऊजला अस्तर लावत होते. दुखलं नाही, खुपलं नाही, काही नाही. उठले तर परकर ओला. बघते तर लालभडक. मी ओरडले ती अशी की रस्त्यावरून जाणारा जीपवाला थांबला, आणि त्याच जीपमध्ये घालून मला जालन्याला नेलं. सासूबाई मला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि ड्रायव्हरला म्हणत होत्या, "हळू रे बाबा, पण जल्दी चल." एवढ्या घाबरल्या होत्या बिचाऱ्या की दोन्ही एकदम पाहिजे होतं त्यांना.

जालन्याच्या दवाखान्यात रक्त थांबलं. बाळ हलत होतं. पप्पा वडीगोद्रीहून मिळेल त्या बसनं आले, त्यांच्या तोंडाला फेस आल्ता. मला पाहून त्यांचे डोळे भरले, हेही सांगितलं पाहिजे, कारण खोटं मला सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी स्वतः सोनोग्राफी करायला घेतली. मी पडद्याच्या आत टेबलावर, पोटावर ते गार जेल, आणि पडद्याच्या बाहेर खुर्च्यांवर पप्पा आणि माझा नवरा. मॅडम खूप वेळ एकाच जागी, जुन्या टाक्याच्या वर, यंत्र दाबून दाबून बघत होत्या. मग विचारलं, "पहिलं सीझर कशामुळं झालं होतं?"

मी म्हणलं, "बाळाचे ठोके कमी झालते मॅडम."

आणि पडद्याबाहेरून पप्पा हसत म्हणाले, "न्हाई न्हाई मॅडम, तसलं काही न्हवतं. लेक माझी एकदम ठणठणीत. त्या वेळेला जयंती आल्ती ना तोंडावर, मंग डॉक्टरसाहेबांना आम्हीच विनंती केल्ती. आमचेच विद्यार्थी ते. छान जमलं. ह्या टायमाला तुम्ही तेवढं वैशाखातल्या पौर्णिमेचं बघा, जमलं तर."

मॅडमचा हात माझ्या पोटावर थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी त्यांच्याकडं. मला वाटतं, त्या बाईला माझ्या आधी कळलं की मला हे माहीत नव्हतं.

पप्पांनी ते मला दुखवायला सांगितलं नाही. त्यांना वाटलं, डॉक्टरीण आपल्या लेकीला रोगट समजेल. पहिल्यापासूनच हिच्यात खोट आहे असं समजेल. म्हणून कौतुकानं सांगितलं. मी आत आहे, मला ऐकू येतंय, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं, की मी हे ऐकलं तरी काय बिघडलं असं त्यांना वाटलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही दोघं जरा बाहेर थांबा." मग त्यांनी मला सांगितलं. वार खालीच राहिली आहे, बाळाच्या वाटेवर आडवी. आणि नुसती खाली नाही, जुन्या टाक्याच्या जागी पिशवीत रुतून बसली आहे असं दिसतंय. बाळ निघाल्यावर वार आपोआप सुटते, ही सुटणार नाही. ओढली तर रक्ताच्या धारा लागतील आणि आवरणार नाहीत. त्यामुळं बाळ काढायचं, आणि वारेला हात न लावता बहुतेक पिशवीच काढून टाकायची. नाहीतर जीव जाऊ शकतो.

मी टाका, शिवण, जोड ह्यांतच जगते. कापड एकदा कापून जोडलं की कितीही इस्त्री फिरवा, ती जागा हाताला लागतेच. मला लगेच कळलं. मी विचारलं, "पहिलं सीझर झालं नसतं तर हे झालं असतं का?"

मॅडम सांभाळून बोलल्या. "ठाम कोणीच सांगू शकत नाही. सीझर झालेल्या कितीतरी बायांचं पुढचं बाळंतपण नीट होतं. आणि कधी कधी सीझर खरंच करावंच लागतं, तेव्हा ते जीव वाचवतं. पण वार टाक्यात रुतणं, हे सहसा टाका असतो त्यांनाच होतं."

मी पोट पुसलं, साडी नीट केली आणि बाहेर आले. पप्पा चहा सांगायला कँटीनला गेल्ते. नवरा एकटाच जिन्यापाशी उभा होता. मी म्हणलं, "तुम्हाला माहीत होतं?" त्याचं तोंड उतरलं. "मला वाटलं, तुला माहीत हाय. पप्पांनी मला आदल्या दिवशी फोन केल्ता, जयंतीला करून घेतो म्हणून. मला वाटलं, तू हो म्हणलीस." चार वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. एकदाही हा विषय निघाला नाही, कारण त्याला वाटत होतं तो विषयच नाही.

तिथंच पायरीवर बसले. सगळं उलटं उसवत गेलं. ठोके कमी झालेत म्हणून सीझर, तर मग उद्या सकाळपर्यंत थांबले कशाला? लेकराचा जीव घाबरा असेल तर डॉक्टर दुसऱ्या दिवसाची वाट बघतो का? तेव्हाच्या तेव्हा टेबलावर घेतो. एवढी साधी गोष्ट. एवढं शिकवलेली मी, एवढी तोंडाळ मी, आणि हे मला चार वर्षांत सुचलं नाही, कारण सांगणारा माझा बाप होता. परक्यानं फसवलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन बोंब मारली असती. इथं केसानं गळा कापला होता, आणि कापणारा माणूस माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा घेऊन येत होता.

त्या दिवसावर माझा काडीचा राग नाही. त्या दिवसानं माझं काय केलं? ज्यांची जयंती आम्ही करतो, त्यांच्यामुळं तर आम्ही विचारायला शिकलो. आणि माझं पोट फाडायचं ठरलं तेव्हा मलाच कोणी विचारलं नाही. पंचांगाला हसणाऱ्या माणसानं भिंतीवरचं कॅलेंडर बघून माझ्या पोटाची तारीख काढली. त्याला कोणता मुहूर्त म्हणायचं?

मी तेव्हा पप्पांना काहीच बोलले नाही. चहा घेतला. मला त्यांच्याकडून एकच पाहिजे होतं, त्यांनी आपण होऊन म्हणावं, बाळा, माझं चुकलं. बस. जगेन की मरेन ते ठाऊक नव्हतं, पण टेबलावर जायच्या आधी मला ते ऐकायचं होतं. मी वाट बघायला लागले.

मॅडमनी घरी सोडलंच नाही. पुन्हा रक्त सुरू झालं तर जाफराबादहून येईपर्यंत खेळ खलास, म्हणाल्या. मग मी जालन्यातच पडून राहिले. सासूबाई रोज डबा घेऊन यायच्या. त्यांना वार चिकटली आहे असं सांगितलं तर त्यांचा चेहरा खुलला. "चिकटली? मंग चांगलंच हाय की बाई! घट्ट बसलं लेकरू. सुटायचं भ्या न्हाई." त्यांची दोन लेकरं पोटातच गेलेली. आयुष्यभर त्यांनी पोट घट्ट राहू दे एवढंच मागितलेलं. त्यांना काय आणि कसं सांगणार? मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले, आणि त्या मला थोपटत राहिल्या. "रडू नको, घट्ट हाय, घट्ट हाय."

आई वडीगोद्रीहून येऊन राहिली. एका दुपारी ती माझी वेणी घालत होती. तिची बोटं केसांत असताना मी विचारलं, "आई, तुला माहीत होतं ना? जयंतीचं?"

बोटं थांबली नाहीत. "व्हय."

"मंग मला काहून न्हाई सांगितलं?"

"तू भेली असतीस."

"भेले नसते आई. मी न्हाई म्हणाले असते."

आईनं वेणीला रबर लावलं आणि म्हणाली, "म्हणूनच तर न्हाई सांगितलं."

इतकं खरं उत्तर मला त्या सगळ्या दिवसांत कोणी दिलं नाही. मी वेणी पुढं घेतली आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. ती खाली बसून मटकी निवडत राहिली.

मग ऑपरेशनचा दिवस ठरवायची वेळ आली. बाळाच्या फुप्फुसांसाठी मला सुया दिल्या होत्या. मॅडम राउंडला आल्या तेव्हा पप्पा खाटेजवळच उभे होते. मॅडम म्हणाल्या, "दिवस भरायची वाट बघत नाही आपण, आधीच काढू. आणि जयंतीच्या अगोदर उरकू. त्या दिवशी सुट्टी असते, माणसं कमी असतात. मला रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, दुसरे सर्जन, सगळे हजर पाहिजेत." खरंच एवढा साधा हिशोब होता त्यांचा. मी म्हणलं, "मॅडम, एकदा आमच्या पप्पांना विचारून घ्या, त्यांना तो दिवस चालतो का." पप्पांनी पंख्याकडं बघितलं, खिशातून रुमाल काढला, मान पुसली आणि खाली निघून गेले. म्हणजे त्यांना कळलं होतं की मला कळलंय. मला वाटलं, आता येतील. उद्या येतील आणि बोलतील.

ते आले, पण रक्त देणारी पोरं घेऊन. जयंतीच्या मंडळाची पोरं, वडीगोद्रीहून टेम्पो करून आलेली. मिरवणुकीत नाचणारी हीच ती. त्यांनी बाह्या वर करून रांग लावली. त्यांचे उपकार मी ह्या जन्मी फेडू शकत नाही. पप्पांनाही द्यायचं होतं, पण त्यांचं वय जास्त म्हणून घेतलं नाही. ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. टेबलावर नेताना माझी गाडी त्यांच्या समोरून गेली. मी मान वळवून बघितलं. त्यांनी माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "धीर धर." एवढंच. मला वाटलं होतं, आता तरी म्हणतील.

जाग आली तेव्हा नाकात नळी, हाताला सुया, आणि पोट असं की आपलं नाहीच. नर्सबाई म्हणाली, मुलगी झाली, बारीक आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, पण रडली बरं का. मी विचारलं, "पिशवी?" तिनं माझी चादर नीट केली. मग म्हणाली, "काढावी लागली ताई. खूप रक्त गेलं. तुम्ही वाचल्या, हे लई मोठं झालं." मला तेव्हा रडू आलं नाही. आलं ते नंतर, नवऱ्यानं मोबाइलवर पोरीचा फोटो दाखवला तेव्हा. इवल्याशा तोंडावर पट्ट्या चिकटवलेल्या. तिच्यानंतर आता कोणी नाही. घर भरल्याशिवाय थांबणार नाही म्हणत होते ना मी? थांबवलं गेलं. माझ्यापुरतं काय ते माझ्या पोटानं ठरवायचं होतं, आणि ते दुसऱ्यांनीच ठरवून टाकलं, मिरवणुकीच्या सोयीनं. ह्याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते कमी होत नाही.

मला वॉर्डात आणल्यावर माणसं भेटायला यायला लागली. पप्पांच्या शाळेतले जुने गुरुजी, त्यांच्या बायका, वस्तीतल्या दोन काकू. कोणी नारळ आणला, कोणी बिस्किटं, कोणी शेतातल्या मोसंब्यांची पिशवी. पप्पा स्टुलावर बसून मोसंबी सोलत होते आणि फोडी माझ्या वाटीत टाकत होते. आई पायापाशी उभी होती. एक काकू हळहळून म्हणाल्या, "असं कसं झालं हो गुरुजी? एवढी चांगली धडधाकट पोर."

पप्पांनी फोडीची बी काढली. म्हणाले, "काय सांगू वहिनी. नशीब म्हणायचं. नशिबात जे हाय ते कोणाला चुकलंय?"

नशीब! पप्पांच्या तोंडून. आमच्या घरात हा शब्द शिवीच्या जागी होता. आजोळची म्हातारी एकदा बोलून गेल्ती, तर पप्पांनी तिला ताटावरून उठेपर्यंत लेक्चर दिलं होतं, नशीब म्हणणारी माणसं गुलाम राहतात म्हणून. आणि आता माझ्या कापलेल्या पोटाशेजारी बसून तेच सगळ्यांसमोर नशीब म्हणत होते, आणि गुरुजींच्या बायका माना हलवत होत्या. आयुष्यभर जे जे त्यांनी मला शिकवलं, ते सगळं त्यांनी स्वतःला वाचवायला एका फोडीबरोबर गिळून टाकलं. मी इतके दिवस ज्या एका शब्दाची वाट बघत होते, तो येणार नव्हता. त्याच्या जागी हा आला होता.

मी एका हातानं टाके दाबून धरले आणि म्हणलं, "नशीब न्हाई पप्पा. तुम्ही."

पप्पांनी मान वर केली. मला वाटलं, आता. आत्ता तरी. ते पुढं वाकले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "हळू बोल. लोकं ऐकून राह्यले."

मग मी हळू बोलले नाही. दम लागत होता, मध्ये मध्ये थांबावं लागत होतं, पण सांगितलं सगळं. ठोके बिलकुल चांगले होते ते, कॅलेंडर ते, खोटं कोणी सांगितलं ते, आणि कोणाकोणाला माहीत होतं ते. काकूंनी तोंडाला पदर लावला. एक गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले. पप्पांनी राहिलेली मोसंबी माझ्या वाटीत ठेवली, रुमालाला हात पुसले, उठले, आणि कोणाकडंही न बघता दाराबाहेर गेले.

मी आईकडं बघितलं. तिनं माझ्या पायावरची चादर नीट केली, खाटेखालचा रिकामा डबा उचलला, आणि त्यांच्या मागं निघून गेली.